लोण्यावर उमटलेला ठसा

एल्वुड ट्रॉक्सेलच्या डाव्या अंगठ्याला अर्धंच नख आहे. उरलेलं अर्धं कुलपांच्या कारखान्यातल्या प्रेसखाली गेलं, आणि त्याचं त्याला फारसं दुःखही नाही. उघड्या पडलेल्या त्या कातडीला लाकडातलं जे कळतं, ते दुसऱ्यांना चष्मा लावूनही दिसत नाही. पाइनफोर्डच्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जुन्या बंदुकांचे शौकीन नाश्त्याला जमतात. तिथे टेबलावर मांडलेल्या एखाद्या वस्तूकडे तो अंगठा सरकू लागला, की मालकाच्या घशाखाली पॅनकेक उतरत नाही.

कारखान्यात एल्वुड अडतीस वर्षं डायमेकर होता. कुलपाच्या आतले बारके भाग ज्या साच्यांतून निघतात ते साचे तो बनवायचा. केसाइतकी चूक झाली तरी रात्री झोप लागायची नाही असा माणूस. पहिली रायफल त्याने एकोणिसाव्या वर्षी घेतली, हार्डवेअरच्या दुकानातून. तेव्हा लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली तिथे पिंपात उभ्या करून ठेवलेल्या असत, आपण फावडी ठेवतो तशा. तिच्यानंतर किती आल्या नि किती गेल्या याचा हिशेब फक्त त्याच्या बायकोकडे, नॅडीनकडे आहे आणि ती तो भांडणासाठी राखून ठेवते.

स्वभाव सरळ, जीभ त्याहून सरळ. गावच्या दंतवैद्याने एकदा मोठ्या कौतुकाने यादवी युद्धातली संगीन आणली होती. एल्वुडने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही बसवलेल्या कवळ्या हिच्यापेक्षा जुन्या आहेत." डॉक्टर दोन महिने आला नाही. तिसऱ्या महिन्यात आला, आणि आल्या आल्या एल्वुडच्याच शेजारी बसला. सोनारानेच कान टोचलेले बरे, एवढं त्यालाही कळत होतं.

अर्थात एल्वुड आपण होऊन कधी तोंड उघडत नाही. या मंडळींचा तसा दंडकच आहे. बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, गाडीत काढून ठेवायचा आणि मोकळी रायफल आत आणायची. टेबलावर मांडून आपली कथा सांगायची. किंमत कोणी विचारायची नाही. आणि खोट काढायची तर मालकाने स्वतः "बोला, कुठे फसलो?" असं म्हटल्यावरच. तो म्हणाला नाही, तर सगळ्यांनी नुसतं वा वा करायचं आणि कॉफी प्यायची. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. बाहेर मेपलची पानं पडत होती, आत स्क्रॅपलच्या, म्हणजे डुकराचं मांस नि मक्याचं पीठ थापून केलेल्या, चकत्या तव्यावर खरपूस होत होत्या. डोरीन फ्रायने, जिने तीस वर्षं गावात टपाल वाटलं, तेलाची एक जुनी बाटली आणली होती. पितळेची, अंगठ्याएवढी, आत दोन कप्पे. डोरीनला बंदुकांत रस नाही. त्या साफ करायच्या सामानात आहे. ब्रश, दोऱ्या, स्क्रूड्रायव्हर.

"बोला, कुठे फसले?" ती म्हणाली.

"झाकण दुसऱ्या बाटलीचं आहे," एल्वुड म्हणाला.

"ते मला माहीत आहे. दुकानदाराला माहीत नव्हतं, म्हणून तर स्वस्तात दिली त्याने!"

सगळे हसले. तेवढ्यात हार्लन बेक आला. काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि तोंड असं फुललेलं की नातू झाला असावा.

हार्लन आणि एल्वुड पहिलीपासूनचे सोबती. हरणाच्या मोसमात दोघं एकाच झाडाखाली बसतात, कारण एकाला ऐकू कमी येतं आणि दुसऱ्याला दिसत कमी. हार्लनने जन्मभर शाळेची बस चालवली. त्याच्याकडे चार रायफली होत्या, चारही साध्या, आणि तळ्यावर मासे धरायला एक बोट होती.

"बोट विकली," हार्लन म्हणाला. "चारही बंदुका विकल्या. आता घेणं बंद. ही शेवटची."

गोधडी उलगडली. पहिल्या महायुद्धाच्या वेळची, सरकारी कारखान्यातली रायफल. नळीवरचा काळा रंग जागच्या जागी, दस्ता अक्रोडाचा, मधासारखा. आणि दस्त्याच्या डाव्या अंगाला, चौकटीत तीन अक्षरं: तपासनिसाचा ठसा. त्या काळी बंदूक पास झाली की तपासनीस लाकडावर आपली आद्याक्षरं ठोकायचा. बहुतेक बंदुकांवरची ती झिजून नाहीतर घासून गेलेली असतात. म्हणून जिच्यावर ती शाबूत, तिचा भाव वेगळा आणि मानही वेगळा.

हार्लनने "कुठे फसलो" विचारलंच नाही. त्याने नुसती रायफल एल्वुडपुढे सरकवली. "तू बघ," म्हणाला.

एल्वुडने अंगठा फिरवला. ठशाच्या चौकटीपाशी तो थांबला. उजवीकडचा खालचा कोपरा किंचित गोल होता. इतका किंचित, की कानस ज्याच्या हातून सटकली होती त्यालाच कळावा. ती सटकली होती एल्वुडच्या हातून, सदतीस वर्षांपूर्वी.

तेव्हा एल्वुडने एक वाया गेलेली रायफल आणली होती. कोण्या शहाण्याने पॉलिश पेपरने दस्ता घासून, वर चकचकीत व्हार्निश फासून ती दिवाणखान्यात टांगलेली. एल्वुडने वर्षभर तिच्यावर मेहनत घेतली. व्हार्निश उतरवलं, वाफ देऊन पोचे उठवले, जवसाचं तेल मुरवलं. आणि शेवटी, जमतं का ते पाहावं म्हणून, पोलादाच्या तुकड्यावर तपासनिसाची अक्षरं कोरून ठसा बनवला आणि ठोकला. असं काम करणारा प्रामाणिक माणूस दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी काढून तिच्याखाली आपलं नाव घालतो, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. एल्वुडने घातलं नाही. रायफल ओहायोच्या एका माणसाला विकताना "दस्ता मी नवा केलाय" असं त्याने सांगितलं होतं, पण तोंडी. तोंडचा शब्द बंदुकीबरोबर जात नाही.

"काय म्हणतोस?" हार्लनने विचारलं.

"लाकूड छान आहे," एल्वुड म्हणाला.

आणि कॉफीचा कप पुढे ओढला. डोरीनने टेबलावर थाप मारली. "एल्वुडला खोट सापडली नाही! लिहून ठेवा रे कोणीतरी!" दंतवैद्याने टाळ्या वाजवल्या. हार्लनने गोधडीच्या कोपऱ्याने डोळे पुसले, कोणाला दिसत नाही असं समजून.

एल्वुड घरी आला आणि तळघरातल्या बाकाखालचा डबा उपसला. ठसा सापडला, तेलकट फडक्यात गुंडाळलेला. तो घेऊन वर गेला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्याने नॅडीनला सगळं सांगितलं.

"मला कशाला सांगतोस?" ती बटाटे सोलत म्हणाली. "बंदूक माझी आहे का?"

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर तो हार्लनकडे गेला. रायफल भिंतीतल्या शेकोटीच्या वर मांडलेली होती. हार्लनची मुलगी आली होती, तिला तो ठसा बोटाने दाखवत होता. "एल्वुडने बघितलीय बरं का!" एल्वुडने काकवीचा केक खाल्ला, एक तुकडा आणखी खाल्ला आणि परत आला. चोराच्या मनात चांदणं. मुलगी सहज हसली तरी त्याला वाटलं हिला कळलं.

खोटी पावती त्याने चारचौघांत दिली होती. ती परतही चारचौघांतच घ्यायला हवी, असं त्याने मनाशी ठरवलं. नोव्हेंबरच्या शनिवारी हार्लन रायफलीसाठी चामड्याचा जुना पट्टा घेऊन आला. पट्टा लावून दाखवायला रायफलही आणली होती. एल्वुडने खिशातून फडकं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"अरे वा, म्हाताऱ्याने काहीतरी घेतलं!" डोरीन म्हणाली.

"घेतलेलं नाही. माझंच आहे. मीच केलेलं." त्याने फडकं उलगडलं. मग पॅनकेकची थाळी पुढे ओढली, लोण्याच्या वडीवर ठसा दाबला आणि वडी हार्लनसमोर ठेवली.

लोण्यावर चौकट उमटली, आत तीन अक्षरं, उजवीकडचा खालचा कोपरा गोल. हार्लनने वडीकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग रायफलीकडे पाहिलं. तव्यावर कोणाची तरी चकती करपत होती.

"कधी केलास?" हार्लनने विचारलं.

"सत्त्याऐंशी साली."

"ऑक्टोबरात बोलला का नाहीस?"

"लाज वाटली."

"माझी?"

"नाही." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "तू बंदूक पुढे सरकवलीस ना, तेव्हा आधी मला आनंदच झाला होता, हार्लन. सदतीस वर्षांत कोणाला कळलं नाही, याचा. एवढं चांगलं काम केलं मी. तू फसलास हे त्यानंतर डोक्यात आलं. त्याची लाज वाटली."

हार्लनने पट्टा काढला, रायफल गोधडीत गुंडाळली आणि निघून गेला. त्याचे पॅनकेक तसेच राहिले. डोरीनने ठसा उचलून पाहिला आणि खाली ठेवला. "काम सुरेख आहे," ती म्हणाली, "आणि तू गाढव आहेस." एल्वुडने मान डोलावली. त्या दिवशी आणखी दोघांनी वस्तू मांडल्या. दोघांनीही "कुठे फसलो" विचारलं नाही.

तीन दिवस फोन वाजला नाही. त्या तीन दिवसांत एल्वुडला जे वाईट वाटलं ते कारखाना बंद झाला तेव्हाही वाटलं नव्हतं. हा माणूस गेला तर हरणाच्या मोसमात झाडाखाली एकटं बसायचं आणि घरी यायचं, एवढंच आपलं उरेल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी हार्लन तळघराच्या जिन्यावरून उतरला. काखेत गोधडी.

एल्वुड उठून उभा राहिला. "माझ्या कपाटातली कुठलीही घे. सगळ्यात चांगली आहे ती घे. ही मला दे."

"तुझी नको मला. पट्टी काढ."

"कुठली?"

"दस्त्याची. तुझं नाव घाल. तेव्हाच घालायचं होतंस ना?"

"नाव घातलं की हिला कोणी विचारणार नाही, हार्लन. भाव कायमचा गेला."

"मी गेल्यावर मुलगी विकणार ही. सांगेल, एल्वुड ट्रॉक्सेलने बघितलीय, अस्सल आहे. तोंडावर पडेल बिचारी. तिला तेव्हा सांगायला ना तू असशील ना मी. काढ पट्टी."

एल्वुडने दोन स्क्रू काढले. पट्टीखालचं लाकूड फिकं, कोरं होतं. दस्ता बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात, चामड्याच्या दोन तुकड्यांत धरला, पण लाकूड चिरडेल म्हणून फार आवळला नाही. हार्लननेच तो दोन्ही हातांनी धरला. एल्वुडने अक्षरांचे ठसे घेतले आणि एकेक ठोकत गेला. नाव झालं, साल झालं. त्याने हातोडी खाली ठेवली.

"अजून झालं नाही," हार्लन म्हणाला. "खाली माझं घाल."

"तुझं कशाला? तू काय केलंस?"

"बेक घाल. आणि पुढे घाल, माहीत असून ठेवली."

एल्वुडने हातोडी उचलली आणि पुन्हा ठेवली. त्याला अक्षरं दिसेनात. डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तळघरात जागा नव्हती.

"रडतोस काय, ठोक," हार्लन म्हणाला. "माझे हात दुखायला लागले."

"पहिलं अक्षर कुठे पडतंय सांग मला."

हार्लनने एक हात सोडला, एल्वुडच्या हातातला ठसा धरून लाकडावर नेमका टेकवला आणि तिथेच धरून ठेवला. "इथे," म्हणाला. एल्वुडने त्याच्या बोटांना लागणार नाही असा, हलका घाव घातला.