तिथे असलेल्या माणसाला विचारा

फोन अनोळखी नंबरावरून आला. पलीकडचा माणूस कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "मी व्यंकटेश. शकूचा भाऊ. अक्का गेली..." आणि मी फोन कापला. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत रोज कोणाला तरी बँकेतून, कुरियरवाल्याकडून, पोलिसांकडून असे फोन येत असतात. आता मेलेल्या माणसाच्या नावानेही धंदा सुरू झाला, असंच मला वाटलं. फोन परत आला. तुम्ही तिचे भाऊ कशावरून, असं मी सरळ विचारलं. दुःखातल्या माणसाला असं विचारू नये हे मला कळतं, पण माझा स्वभाव तसा आहे. तो म्हणाला, "तिच्या फोनात तुमचं नाव 'नागपूर सक्सेस' म्हणून आहे. त्यावरनं लावला." तेव्हा मात्र मी खाली बसलो. हे नाव दुसरं कोणी ठेवणं शक्यच नव्हतं. रात्री जेवून झोपली, सकाळी उठलीच नाही, एवढंच ते पुढे सांगू शकले.

शकुंतला राव, सगळ्या ऑफिसची शकूअक्का, चामराजपेटची. तिचे पूर्वज तीनशे-चारशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली, पण तिच्यात 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' असे कानडी शब्द मिठासारखे मिसळून गेले. पहिल्या दिवशी ती माझ्याशी मराठीत बोलते आहे हे कळायला मला अंमळ वेळच लागला. ती म्हणाली, तुझं नागपूरचं मराठीही स्वल्प हिंदीच आहे की. लग्न तिने केलं नव्हतं, आईबरोबर राहायची. ऑफिसात तिचं काम लिहिण्याचं. आमची कंपनी एक छोटा डबा बनवायची. तो खोलीत ठेवला की टीव्हीचा, पंख्याचा, एसीचा रिमोट जे करतो ते सगळं तो करायचा, आणि त्याला हुकूम द्यायचा फोनवरून, कुठूनही. उंटावरून शेळ्या हाकायचं यंत्रच म्हणा ना. दुसऱ्या कंपन्यांच्या प्रोग्रामरांनी या डब्याला हुकूम कसे द्यायचे, कोणता हुकूम दिला की काय उत्तर येतं, हे ठरवणारा इंटरफेस मी लिहिला होता. त्याचं पुस्तक लिहायचं काम अक्काकडे आलं.

लिहिणारी माणसं सहसा आम्हाला विचारतात, आम्ही सांगतो ते शुद्ध इंग्रजीत उतरवतात आणि कॉफी प्यायला जातात. अक्का माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायची आणि पर्समधून एकेक रिमोट काढायची. तो फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायची. रिमोटचा दिवा आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात जांभळा लुकलुकतो. तो दिसला की म्हणायची, सुटलं खरं... आता पोचलं का ते बघू. मग उठून टीव्हीपर्यंत जाऊन यायची. ही बाई मॅनेजरने माझ्यावर पाळत ठेवायला बसवली आहे, असा माझा पहिले काही आठवडे पक्का ग्रह होता. माझ्या चुका ती वहीत टिपते आहे आणि वर पोचवते आहे, असं वाटून मी तिच्या देखत कोड उघडायचंही टाळायचो.

आमचं वाजलं ते 'सक्सेस' या शब्दावरून. मी लिहिलेल्या एका हुकमाचं नाव होतं 'टर्न-ऑन'. तो दिला की डबा एसीकडे प्रकाशाचा संकेत सोडायचा आणि लगेच उत्तर द्यायचा, सक्सेस.

"एसी चालू झाला, असं कोण म्हणतं?" अक्काने विचारलं.

"कोड म्हणतो."

"कोडनं बघितलं का?"

आता हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. रिमोटचा प्रकाश एकाच दिशेने जातो. टीव्ही किंवा एसी उलट काही कळवत नाही. म्हणजे माझ्या सक्सेसचा अर्थ दिवा लुकलुकला, इतकाच. मी म्हणालो, अक्का, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती म्हणाली, मग लिहायला काय जातं? आणि तिने लिहिलं. पुस्तक इंग्रजीत होतं, पण मजकूर असा : 'सक्सेस म्हणजे संकेत सुटला. उपकरण चालू झालं का, हे या डब्याला कळत नाही. तिथे असलेल्या माणसाला विचारा.'

मॅनेजरच्या अंगाचा तिळपापड झाला. ऑफिसात बसून घरच्या म्हाताऱ्यांची खोली गार ठेवा, अशी त्याची जाहिरात तयार होती. पहिली दोन वाक्यं तो एक वेळ बारीक अक्षरांत चालवून घेणार होता, पण तिसरं नाही. माणसाला विचारा असं कोणत्या तांत्रिक पुस्तकात असतं, हा त्याचा सवाल. तेव्हा अक्काने भर मीटिंगमध्ये तिच्या आईची गोष्ट सांगितली. आईला दमा, घर बाजाराच्या तोंडाशी, धुळीमुळे खिडक्या बंद, म्हणून एसी. तिने घरी हाच डबा बसवला होता. ऑफिसातून हुकूम दिला, सक्सेस आलं, ती निर्धास्त राहिली. घरी जाऊन पाहते तर आई बंद खोलीत घामाघूम, धापा टाकत बसलेली आणि एसी बंद.

मला ती गोष्ट फारच सोयीची वाटली. बरोबर हव्या त्या वेळी हवी तशी आई कशी आजारी पडली? मी तसं बोलून दाखवलं नाही, पण माझा चेहरा काही लपवत नाही. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "रविवारी घरी ये. बघून जा." राग नव्हता तिच्या आवाजात. मला वाटतं, तिला आपल्या जातीचा, बघितल्याशिवाय न मानणारा माणूस भेटल्याचा थोडा आनंदच झाला होता.

मी गेलो. खाली कागदी पिशव्यांचं दुकान, बाजूने अरुंद जिना, वर तीन खोल्या. अम्मा, म्हणजे तिची आई, मडीत होती. मडी म्हणजे आपलं सोवळं. जेवण होईपर्यंत ती चार लोकांनी हाताळलेल्या वस्तूला शिवत नसे, त्यात एसीचा रिमोटही आला; तिच्या एकटीचा फोन तेवढा चालायचा. म्हणून तर अक्काने डबा आणला होता. कोणी कशाला शिवायलाच नको! अक्काने माझ्यासमोर फोनवरून हुकूम दिला. सक्सेस. मी कॅमेरा डब्याकडे धरला, जांभळा दिवा लुकलुकला. एसी ढिम्म. आणि मग मला दिसलं. छताखाली आडवा बांबू होता, त्यावर ऐन एसीच्या तोंडासमोर अम्माचं धुतलेलं नऊवारी लुगडं वाळत घातलेलं. मडीचं ते, त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. अम्माने हातातल्या काठीने ते बांबूवरून बाजूला सरकवलं, अक्काने परत हुकूम दिला, आणि एसी 'पीं' करून सुरू झाला. एसीच्या वाऱ्याने लुगडं लवकर वाळतं, म्हणून इथेच घालते, असं अम्मा म्हणाली.

डबा त्या दुसऱ्या भिंतीवर लावा, दोन मिनिटांचं काम आहे, मी म्हणालो. अक्का म्हणाली, सरी, बघू. सोमवारी मी मॅनेजरला, मी डोळ्यांनी पाहिलंय, एवढंच सांगितलं. 'टर्न-ऑन'चं नाव बदलून 'सेंड-ऑन' झालं आणि अक्काची तिन्ही वाक्यं पुस्तकात राहिली. डबा मात्र तिने कधीच हलवला नाही. मीटिंगमध्ये दाखवायला पुरावा हाताशी असावा म्हणून, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

त्यानंतर रोज सकाळी चहाच्या सुमारास ती फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये जायची. "अम्मा, गार लागतंय का? नाही? लुगडं सरकव बघू. परत पाठवते." एवढ्यावर काम संपायला हवं होतं. पण मग सारात चिंच जास्त झाली का, वरच्या मजल्यावरच्या सुनेचं बाळंतपण कुठे होणार, दुकानदाराने पायरीवर परत गठ्ठे ठेवले का... सगळं यायचं. ऑफिसच्या वेळात इतकं काय बोलते, असं मनात येऊन मी घड्याळाकडे पाहायचो. आता त्या कॉरिडॉरमधून जाताना माझी पावलं आपोआप हळू होतात. मला तिची फार आठवण येते. मी काहीही सांगितलं की 'कोण म्हणतं?' असं विचारणारं आता कोणी उरलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, त्यामुळे माझं काम बिघडलं आहे.

काही आठवड्यांनी व्यंकटेशअण्णांचा पुन्हा फोन आला. ते राजाजीनगरला राहतात. अम्मा त्यांच्याकडे जायला तयार नव्हती. निदान ते एसीचं माझ्या फोनात घालून द्या, असं म्हणत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला सगळं सांगितलंय. पण पोचलं का, कळत नाही. रडली नाही. काही विचारत नाही. वयामुळे डोकं गेलं असेल का हो?" दिवसकार्यालाही ती भिंतीला टेकून नुसती बसून होती म्हणे.

मी गेलो. अम्मा तिच्या जागी, मडीत. मला ओळखलं, नागपूरचा ना, म्हणाली. अण्णा कॉफी करायला आत गेले आणि मी त्यांच्या फोनात सगळं जुळवून हुकूम दिला. सक्सेस. आणि त्याच क्षणी 'पीं' करून एसी सुरू झाला. पहिल्या फटक्यात. या घरात हे कधी घडलं नव्हतं, म्हणून मी वर पाहिलं. बांबू तोच, लुगडं ओलं, पण दाराकडच्या टोकाला. एसीसमोरची जागा मोकळी.

"अम्मा, लुगडं इकडे कधीपासून?"

"सुतक फिटल्यावर."

"तिकडे लवकर वाळायचं ना?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग काठी मांडीवर आडवी ठेवली.

"वाळायला इकडंही वाळतं रे. तिकडं घातलं की शकूचा फोन यायचा. आता कोण विचारणार आहे, गार लागतंय का म्हणून?"

अण्णा कॉफी घेऊन आले तेव्हा मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, त्यांना पोचलंय. सगळ्यांच्या आधी पोचलंय. ते म्हणाले, कशावरून? मी म्हणालो, विचारलं.

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. अक्काला हे माहीत होतं का? जी बाई माझ्या कोडचा एक शब्द खरा मानत नव्हती, तिने लुगड्याचं हे कारण खरं मानलं असेल? डबा हलवायला दोन मिनिटं लागतात, हे मी तिला सांगितलं होतं, आणि ती 'सरी, बघू' म्हणाली होती. माझा संशय असा आहे की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अम्मालाही बहुधा माहीत असावं की तिला माहीत आहे. आणि मग ते 'माणसाला विचारा'चं तिसरं वाक्य, ज्याच्यासाठी ती मॅनेजरशी भांडली, ते तिने नक्की कोणासाठी लिहिलं, हाही प्रश्न मला पडला. याला पुरावा माझ्याकडे नाही आणि आता मिळणारही नाही.

परवा व्यंकटेशअण्णांचा तक्रारीचा फोन आला. तुमचा डबा बिघडला, म्हणाले. "फोनात सक्सेस येतं, पण एसी लागत नाही. रोज अम्माला फोन करून विचारावं लागतं. ती म्हणते, स्वल्प थांब, आता परत पाठव... मग लागतो. आणि फोन ठेवू देत नाही हो, कालचं सार कसं झालं ते सांगत बसते. येऊन एकदा बघून जाता का?"

नुसत्या कोणाच्या शब्दावर, स्वतः न बघता, आजवर मी काही सोडलेलं नाही. पण या वेळी गेलो नाही. डबा जुना झालाय अण्णा, मी म्हणालो, दुरुस्त व्हायचा नाही. विचारत जा.