होडेकरांचे नाव

गेल्या महिन्यापर्यंत हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो, पत्नीजवळही नाही. माझी चूक मी एका निर्दोष बाईवर ढकलली, आणि पुढे सभ्य गृहस्थ म्हणून वावरत राहिलो.

१९९८ साली मी रत्नागिरीत संगणक शिकवत असे. बंदरावरच्या एका मच्छीमार सोसायटीला सभासदांसाठी प्रोग्राम हवा होता — नाव टाइप करताच डिझेलचा कोटा दिसावा, एवढेच. सगळी नावे सोसायटीच्या कारकून मेहरुन्निसाबाईंनी भरली; मी सांगितल्याप्रमाणे, अकारविल्हे लावून. त्या पगारावर त्यांची खोली आणि मुलाची शाळा चालत होती, हे मला ठाऊक होते.

ती नावे मी त्याच क्रमाने, एकेक करून, प्रोग्राममधल्या 'झाडात', म्हणजे नावाला नाव फांदीसारखे जोडत जाणाऱ्या रचनेत, घातली. नियम असा — अकारविल्ह्यात आधीचे नाव डावीकडे, नंतरचे उजवीकडे. पण क्रमाने येणारे प्रत्येक नाव नंतरचेच असणार ना? फांदी फुटलीच नाही. झाड लावले आणि उगवला माड! शेवटचे नाव गाठायला यंत्राला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चढावे लागे — आणि डिस्क ती तसली, जुनी.

समितीपुढे अध्यक्षांनी स्वतःचेच नाव टाकायला लावले. होडेकर. स्क्रीन जागची हलेना.

"काय मास्तर, एवढ्यात होडी जयगडला जाऊन आली असती!"

सगळे हसले. 'अ'ची नावे चटकन येत होती, 'ह' अडला होता — कारण मला तिथेच कळले. तरी मी म्हणालो, अगदी हळू, "नावे भरताना गोंधळ झालेला दिसतो."

"सर, मी एकेक नाव दोनदा ताडून बघितलंय हो," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघून. मी कीबोर्डकडे पाहिले.

त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आले. मुलाला घेऊन त्या नाटे गावी, माहेरी परतल्या.

आणि दुरुस्ती? मधले नाव बुंध्याशी ठेवायचे, मग दोन्ही अर्ध्यांतली मधली नावे, मग त्यांच्याही अर्ध्यांतली — झाड दोन्हीकडे सारखे पसरते. बाईंचीच यादी, एक अक्षरही न बदलता. होडेकर लगेच सापडले. मला शाल-श्रीफळ मिळाले. ते घेतल्यावर खरे कोणत्या तोंडाने सांगायचे? नवे सभासद आले की मीच धावत जाई — दुसऱ्या कोणी प्रोग्राम उघडून पाहिला तर? वर्गात हाच धडा आला की मी तो घाईने उरकत असे. सुटायचे कसे, ते मला ठाऊक होते. सुटलो मात्र नाही.

गेल्या महिन्यात नाट्याला गेलो. बाई पडवीत होत्या, शेजारी त्यांचा मुलगा, आता मोठा झालेला. त्याच्यादेखत, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "बाई, तुमच्या यादीत एकही चूक नव्हती. चूक माझी होती. ती मला त्याच वेळी कळली होती, आणि तरीही मी तुमचे नाव पुढे केले. मी तुमचा अपराधी आहे."