थेंब्याचं दुधी पाणी

थेंब्याला सगळे थेंब्याच म्हणत, आणि त्याहून बऱ्या नावाची त्याची लायकीही नव्हती. दारोदार पाण्याचे फिल्टर विकणं हा त्याचा धंदा, आणि एक थेंब हे त्याचं सगळं भांडवल. घरच्यांना ग्लासभर नळाचं पाणी आणायला लावायचं, खिशातून तपकिरी बाटली काढायची आणि थेंब टाकायचा. स्वच्छ पाणी बघता बघता दुधी होई. "बघा, काय पिताय ते!" एवढं बोलून हा गप्प. पुढचं काम घरच्यांची भीती करी.

बाटलीत होतं सिल्व्हर नायट्रेट. पिण्याच्या पाण्यात थोडंफार मीठ असतंच. हे दोन विरघळलेले क्षार भेटले की न विरघळणारं तिसरंच काही तयार होतं आणि पांढरा साका दिसतो. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात. विषबिष काही नाही. कॉलेजात थेंब्या ही एकच गोष्ट धड शिकला आणि तिचंही त्यानं हे मातेरं केलं. फिल्टरचं पाणीसुद्धा तसंच दुधी झालं असतं, म्हणून फिल्टरचं म्हणून शेजारी ठेवायला हा पठ्ठ्या बॅटरीत घालायचं, मीठ नसलेलं पाणी भरून न्यायचा. बाटलीतल्या औषधानं बोटं काळी पडत, तीही मिरवायचा. म्हणे, लोकांचं पाणी तपासून तपासून झालीत!

गिऱ्हाइकं आटली तेव्हा तो मावशीकडे गेला. सख्खी मावशी, आई गेल्यावर तिनंच याला वाढवलं होतं. काका दीर्घ आजारानं नुकतेच गेले होते. थेंब्यानं आयता चहा ढोसला, ग्लास मागितला आणि थेंब टाकला.

मावशी ग्लासाकडे बघतच राहिली.

"हेच पाणी मी त्यांना पाजत होते रे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणायचे, भरपूर पाणी द्या. ते नको नको म्हणायचे, तरी मी ओठाला लावायचे." तिनं ग्लास लांब सारला. "मीच मारलं का रे त्यांना?"

अगं, मीठ आहे ते. एवढं म्हणायचं होतं. लहानपणापासून तो स्वतः हेच पाणी पिऊन पोसला होता. पण फिल्टरचं खोकं दाराशी आणून ठेवलेलं होतं, आणि महिन्याभरात एकही खपला नव्हता.

थेंब्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुला तरी काय माहीत होतं, मावशी," तो मायेनं म्हणाला. "बरं, स्वयंपाकघरात कुठे बसवू?"