ड्रेसरकाका आणि माझी दाढी

कपाळावर सरकवलेला चष्मा एका बोटानं नाकावर ओढायचा, समोरच्याचा हात असो, पाय असो की एखादा कागद, तो आपल्याकडे ओढून घ्यायचा आणि म्हणायचं, "पयले पाहू तं दे." ही ड्रेसरकाकांची रीत. बाकीचं बोलणं नंतर.

भंडाऱ्याला मी ज्या घरात भाड्यानं राहायचो, त्याच्या शेजारचंच घर ड्रेसरकाकांचं. त्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कोणाला माहीत नव्हतं. दवाखान्यात जन्मभर जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, म्हणून ड्रेसरकाका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दुसऱ्यानं बांधलेली पट्टी दिसली की त्यांना राहवत नसे. आमच्या घरमालकीणबाईंच्या बोटाची पट्टी त्यांनी एकदा फाटकापाशी उभ्याउभ्या सोडली, नाक मुरडलं आणि पुन्हा बांधून दिली. नळ गळला तरी "पयले पाहू तं दे". पलीकडची मुलगी बारावीचा निकाल लागल्यावर दार लावून रडत बसली, तर यांनी खिडकीतून हात घालून मार्कशीट मागितली. पाहिली आणि म्हणाले, "पास तं हायेस न बाई! मंग रडून कायले रायली?"

थोडक्यात, नाक खुपसणारा माणूस. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल आणि तुम्हीही कधी त्याला चुकवून पलीकडच्या बाजूनं गेला असाल. मीही जायचो. मला तर तसं कारणही होतं.

मी बावीस वर्षांचा असताना माझ्या डाव्या जबड्यावर, हनुवटीच्या जरा वर, एक पांढरा डाग उठला. रुपयाएवढा. औषधं झाली, मलमं झाली. मग मी दाढी वाढवली आणि प्रश्न मिटवला. तिथले केस पांढरे यायला लागले तेव्हा रंग आणला. कुठपर्यंत पांढरे झालेत हे मलाही दिसू नये म्हणून दर रविवारी सगळ्याच दाढीला रंग लावायचो. शाळेत मी गणित शिकवतो. पोरांनी नाव ठेवलं 'दाढीवाले सर'. दाढीची फॅशन असल्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही. गावी, सिहोऱ्याला, माझी आई तेवढी जाणून होती, पण तिनंही तो विषय काढणं सोडून दिलं होतं.

अशी दहा वर्षं गेली आणि माझं लग्न ठरलं. मुलगी कोंढ्याची. ती शिवणकामाचा क्लास चालवायची. मोबाईलवर बायोडाटा गेला, फोटो गेला, अर्थात दाढीसकट. बघण्याचा कार्यक्रम झाला, दोन्हीकडून होकार झाला. त्यानंतर आम्ही फोनवर बोलायला लागलो. ती मोकळं बोलायची, खूप हसायची. मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज फोन ठेवल्यावर लक्षात यायचं, आजही नाही सांगितलं. सांगितलं आणि मोडलं तर? नाही सांगितलं आणि लग्नानंतर कळलं तर? जेवण जाईना, वर्गात उदाहरणं चुकायला लागली.

एका रविवारी सकाळी मी टॉवेल वाळत घालत होतो. कुंपणापलीकडे ड्रेसरकाका पेरूच्या झाडाला आरसा टांगून दाढी करत होते. हे त्यांचं रोजचं. कपात साबण फेसाळायचा, गरम पाण्याचं फडकं गालावर ठेवायचं आणि मग तो रेझर. तसा रेझर मी दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. पितळी, जड, डोक्याचं झाकण डबीसारखं उघडायचं. आत जाड पाठीची एकच पाती आणि तिला धारही एकाच बाजूला. दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांनी जाताना त्यांना दिला होता.

गालावर फेस तसाच ठेवून त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि माझा टॉवेल धरला.

"मास्तर, हा काळा डाग कायचा? दर आयतवारी पाहून रायलो मी."

"शाईचा आहे, काका."

"मी चाळीस वर्स जखमा पाहिल्या बावा. शाई मले नोको सांगू." मग आवाज खाली आणून, "दाढीखाली काय हाय?"

का कोण जाणे, मी सांगून टाकलं. कुंपणाच्या अलीकडून, हातात ओला टॉवेल धरून, सगळं. ते हसले नाहीत, हळहळलेही नाहीत. म्हणाले, "नाकाडोंगरीकडला एक माणूस पायाले फडकं बांधून आला होता. महिनाभर सोडलंच नव्हतं. पाय सडला म्हणे, कापा लागते. मी फडकं सोडून पाहिलं, तं जखम कवाचीच भरली होती. फुकट लंगडून रायला होता."

"माझं भरणारं नाही, काका."

"नसंन. पण वाढलं का नाई, हे तरी तुले ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी मला अंगणात स्टुलावर बसवलं. कैचीनं दाढी बारीक कापली, फेस लावला. रेझर धुतला, नवी पाती घातली आणि माझ्या हातात दिला. मी घाबरलो. म्हटलं, तुम्हीच करा.

"मी नाई करत. तुहं तोंड हाय, तूच कर. चपटं ठेव गालावर, मंग उलसाक तिरपं कर. दाबू नोको. त्याचं वजनच पुरते."

ते झाडावरचा आरसा काढून माझ्यासमोर धरून उभे राहिले. पहिला हात फिरवला तो उजव्या गालावर. करकर असा आवाज झाला, वाळकं गवत कापल्यासारखा, आणि फेसातून एक गुळगुळीत पट्टा उघडा पडला. दुसरा पट्टा. तिसरा. कानाखाली घाई केली आणि कापलं. काकांनी तुरटीचा खडा दाबला, "घाई कायले करतं? गाडी चुकून रायली का?" असं म्हणाले आणि पुन्हा आरसा धरून उभे राहिले. उजवी बाजू झाली, गळा झाला, ओठांवरचं झालं. डावी बाजू उरली. माझा हात खाली आला.

काकांनी आरसा झाडाला अडकवला आणि माझ्याकडे पाठ केली. "मी नाई पाहत. तुह्यं झालं का सांग."

सगळं पाहायला मागणारा तो माणूस पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभा राहिला. मी हळूहळू रेझर चालवला. फेस धुतला. डोळे उघडले.

डाग तिथंच होता. रुपयाएवढाच. दहा वर्षं ज्याला भिऊन मी अर्धा चेहरा झाकून ठेवला, तो जिथल्या तिथंच होता.

"वाढला नाही, काका," मी म्हणालो, आणि मला रडूच फुटलं.

"मंग चाल कोंढ्याले," ते म्हणाले. "आजच. उद्या तुही हिंमत नाई रायत."

अकरा वाजता आम्ही माझ्या मोटरसायकलवर निघालो. न कळवता आलेला होणारा जावई, तोही दाढी काढून, सोबत एक अनोळखी म्हातारा. मुलीच्या वडलांचा चेहरा उतरला. खुर्च्या आल्या, पाणी आलं. मी चेहरा उजेडाकडे वळवून डाग दाखवला आणि जे होतं ते सांगितलं. आधी सांगायला पाहिजे होतं, हेही सांगितलं.

काका दवाखान्यातले, हे कळल्यावर वडलांनी त्यांना विचारलं, "हे वाढते का जी?"

"वाढू बी शकते, नाई बी," काका म्हणाले. "मी खोटं नाई सांगत. पण कोणाले लागत नाई. दहा वर्सात हाय तेवढंच हाय."

मुलीची आई दाराला टेकून उभी होती. ती काहीच बोलली नाही. तेवढ्यात आतून मुलगी आली, गळ्यात मापाची टेप तशीच. सरळ माझ्यासमोर येऊन तिनं डाग पाहिला, मग मला पाहिलं.

"एवढंच सांगाले आले होते?"

"हो."

"मले वाटलं, नाही म्हणायले आले." तिनं टेपच्या टोकानं डोळे पुसले. "गाडी पाहिली तवापासून मी आत बसून रडून रायली न!"

नंतर म्हणाली, "दाढी नका ठेवू आता. तुमचं तोंड मी आज पयल्यांदा पाहून रायली."

मग आईनं पदर खोचला आणि काकांना विचारलं, "जेवून जासान न?" काकांनी लाखोरीच्या डाळीचे अकरा वडे खाल्ले.

लग्नात सगळ्या पाहुण्यांना त्यांनीच अक्षता वाटल्या. पुढे चार वर्षं आमच्या घरी त्यांचं रोजचं येणंजाणं होतं आणि माझी बायको मुद्दाम वाकडी पट्टी बांधून त्यांना चिडवायची. गेल्या वर्षी ते गेले. दोन दिवस ताप आला आणि संपलं. त्यांच्या घराला आता कुलूप आहे.

मला मात्र ते आठवतात ते त्या दिवशी कोंढ्याहून परततानाचे. धान कापणीला आलं होतं, दोन्हीकडे पिवळंधमक. गाव मागे पडलं तसे मागून म्हणाले, "खरं सांगू का मास्तर? ते माय बोलत नव्हती न, तवा माह्ये पाय लटलट कापून रायले होते." मी इतका हसलो की गाडी डुलली. काहीतरी बोलायला गेलो, तर उत्तर आलं नाही. त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं होतं. पोटभर जेवलेला म्हातारा झोपला होता. माझ्या पोटाशी गुंफलेले त्यांचे दोन्ही हात मी डाव्या हातानं घट्ट धरले आणि गाडी अगदी हळू केली. ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते. उघड्या गालांना वारा लागत होता. वाटेतलं अड्याळ येईपर्यंत मी त्यांना उठवलं नाही.