थांबायचं काम

ताईंना सगळेच ताई म्हणत. मुलं, मुलांच्या आया, सत्तरीच्या आज्यासुद्धा. ज्यांना बोलणं जड जातं अशा मुलांना बोलतं करणं हे त्यांचं काम, आणि दिवसभर ते करून घरी गेल्यावर त्यांच्याच तोंडून शब्द फुटत नसे. नवरा म्हणायचा, "माझीही एक अपॉइंटमेंट लिहून ठेव." पहिल्यांदा त्या हसल्या होत्या.

त्यांच्या खोलीत आता व्हीआरचा चष्मा आला होता. डोळ्यांवर चढवला की मूल थेट दुकानात. काउंटरमागे मिशाळ दुकानदार. हवं ते वाक्यात मागायचं, की तो देणार. प्रोग्राम बनवणाऱ्याला ताईंनी बजावलं होतं, "मूल अडखळलं तर ह्याने शब्द पुरवायचा नाही. नुसतं थांबायचं."

त्यांच्याकडे येणारी सात वर्षांची एक मुलगी ह्या दुकानदाराशी छान बोले. "मला लाल पेन्सिल द्या." जुळवाजुळव करायला वेळ लागे, पण वाक्य पुरं होई. चष्मा काढला की तोंडाला कुलूप. घरीही बाही ओढून, बोट दाखवून काम भागवायची. शाळेने सांगून टाकलं होतं, सुट्टीनंतर तिला चार शब्द माणसांशी बोलता आले नाहीत तर दुसरीकडे बघा. सुट्टी संपत आली होती.

"त्या खोट्या माणसाशी बोलते, मग माझ्याशी का नाही?" आईने विचारलं.

"तो थांबतो," ताई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच बोचलं. मूल अडलं की आधी मनात दहा अंक मोजा, हे त्या प्रत्येक आईकडून घोकून घेत. आणि स्वतः? दुपारनंतर तिसऱ्या अंकालाच मुलाच्या तोंडात शब्द कोंबून मोकळ्या. बाहेर पुढचं मूल रडत असायचं ना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्या दिवशी त्यांनी चष्मा कपाटात टाकला आणि टेबलावर पेन्सिली मांडल्या. "काय हवं?" एवढंच विचारलं. मुलीने बोट दाखवलं. ताई हलल्या नाहीत. आई मध्ये बोलू लागली, तिला हातानेच थोपवलं. मनात मोजायला लागल्या. सातापर्यंत पोचल्या असतील, पापण्या जड झाल्या, आणि आता ह्याला काय म्हणावं, बाईंना बसल्या बसल्या डुलकी लागली.

"आई," कुणीतरी बारीक आवाजात म्हणत होतं. "ताई... ताई झोपल्या."

ताई जाग्या झाल्या, पण डोळे उघडायचा धीर होईना. आपण बघितलं तर पोरगी पुन्हा मिटायची.

"उठवू का त्यांना?" आई कुजबुजली. एवढं विचारून तीही थांबली.

"नको," मुलगी म्हणाली. "त्या... त्या दमल्यात."

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, आणि ते पुसायचीही चोरी.