डॉक्टरने फेकलेला शब्द

आमच्या गावचे मास्तर कोणताही शब्द सरळ घेत नसत. आधी त्याचं गाव विचारत. चहाच्या टपरीवर कोणी म्हटलं, "मास्तर, लय टेन्शन आहे," की लगेच, "कोठून आला हा शब्द? याचा बाप कोण?" सगळे हसत. मीही हसायचो. मी तिसरी नापास, मला शब्दाच्या बापाशी काय करायचं होतं?

मग धानाच्या रोवण्याच्या दिवसांत माझी बायको शेवंता तापली. तिसऱ्या दिवशी बरळू लागली. "बांधीत पाणी सोडा," म्हणे, अन् मेलेल्या आईला हाका मारी. बाजारगावच्या डॉक्टरनं लांबूनच पाहिलं. "डिलिरियम आहे. म्हातारपणी होते. घरी न्या." मला वाटलं, वेडालाच इंग्रजीत असं म्हणत असतील. भावकी म्हणाली, उठून विहिरीत जाईल. आम्ही तिचे हात खाटेला बांधले. गाठ मी मारली. दोन दिवसांनी ती तशीच गेली.

तेरवी झाल्यावर मास्तरांकडे गेलो. "या शब्दाचा बाप सांगा."

मास्तरांनी जाड पुस्तक काढलं, भिंग धरून बराच वेळ वाचलं. "किसन, हा तुह्याच धंद्याचा शब्द आहे. लॅटिनातला. नांगर तासाची रेघ सोडून भरकटला, त्यावरून आला."

"म्हणजे वेड नाही?"

"नाही रे. तापानं डोकं तास सोडते. वेळेवर दवा झाली, तर पुष्कळदा माणूस परत येते."

तास सोडला म्हणून बैलाला कोणी बांधून मरू देतं का? कासरा ओढून आणतो आपण. तेवढं तर मला येत होतं.

तेव्हापासून दर बाजाराला मी त्या डॉक्टरच्या बाकावर बसतो. येईल त्याला शब्दाचा अर्थ सांगतो, शेवंताचं काय झालं तेही. मास्तरांच्या कानावर गेलं.

"सूड घेऊन राहिला काय रे?"

"हो. सूडच."

वाटलं, आता उपदेश करतील. पण म्हणाले, "मग चोख घे. परवा तू लॅटिनले फारसी म्हणाला म्हणे. आन गाठ कोणी मारली, तेही सांगत जा."

ते तोंडातून निघायला मला महिना लागला. आता सांगतो.

पोळ्यानंतर मास्तर वारले. परवाच्या बाजाराला डॉक्टरनं सगळ्यांसमोर हात जोडले. "बाबा, आता असा पेशंट आला का मी सरळ भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवतो. सोडा न आता."

"पाठव," म्हटलं. "पाठवते का नाही, हे पाहाले मी बसलोच आहे."