भरतीच्या वर्षाचा खुराक

माल चांगला तर जॉब चांगला, यावर माझ्या पप्पांचा ठाम विश्वास होता. वाळूजच्या एका कारखान्यात ते गाड्यांचे सुटे भाग तपासायचे, आणि तिथे मशीनवर घडवायच्या तुकड्याला जॉब म्हणतात. जॉब बिघडला की बाकीचे मशीनला दोष देत, ऑपरेटरला देत, एकमेकांना देत. पप्पा आधी लोखंड बघत. पोटच्या पोरीलाही त्यांनी तोच नियम लावला, आणि त्यामुळे ऐन दुष्काळाच्या वर्षी आमच्या दोन खोल्यांत जगभरच्या बियांचं आणि पावडरींचं संमेलन भरलं.

मी तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होते. खाकीचं वेड मला कुठून लागलं कोण जाणे. घरात कुणी पोलीस नव्हतं, उलट चौकात पोलीस दिसला की आमच्याकडची माणसं मोटारसायकल गल्लीत वळवतात. पप्पांनी मला एका भरतीची मुभा दिली होती. तीत जमलं तर जमलं, नाहीतर कॉलनीतल्या इतर पोरींसारखं शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत पॅकिंगला लागायचं. पॅकिंगचं काम वाईट नाही, पण दिवसभर पत्र्याच्या शेडखाली एका जागी उभं राहायच्या नुसत्या कल्पनेनं मला गुदमरायला व्हायचं. त्या एका भरतीवर माझा सगळा जीव होता.

धावायला मैदान नव्हतं, पण प्लॉटिंग होतं. कॉलनीमागे कालपरवापर्यंत कपाशीचं रान होतं. ते कुणा बिल्डरनं घेतलं, मुरमाचे रस्ते पाडले, रंगवलेले दगड रोवले, कमान उभारली आणि कमानीवर कारंज्याचं मोठं चित्र लावलं. मग दुष्काळ पडला. बोअरला पाणी लागेना, म्हणून प्लॉट घेतलेले लोक घरं बांधायला येईनात. आम्हा तीन-चार पोरींना मात्र असे मोकळे रस्ते आख्ख्या जिल्ह्यात मिळाले नसते. दोन फेऱ्या मारल्या की आमच्या अंदाजानं आठशे मीटर व्हायचे, आणि मुलींना भरतीत तेवढंच धावायचं असतं.

पहिल्या फेरीत मी सगळ्यांच्या पुढे असायचे. दुसऱ्या फेरीत कमान जवळ आली की छाती भरून यायची, पोटऱ्यांत गोळे यायचे आणि डोळ्यांपुढे अंधारी. एकदा मी रस्त्याच्या कडेला टेकले ती कारंज्याकडे बघत आडवीच झाले. नेमकी त्याच दिवशी आई मला बघायला आली होती. ती साडी सावरत पळत आली आणि तिनं मला उठवून बसवलं. त्याच आठवड्यात कॉलनीत तपासणीचं शिबिर होतं, तिथे तिनं मला नेलं. रक्त कमी निघालं, चांगलंच कमी. तिथल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, चांगलंचुंगलं खा.

हे शेवटचं वाक्य पप्पांच्या कानावर पडायला नको होतं.

कंपनीच्या बसमध्ये जाता-येता त्यांना भरपूर वेळ असे. हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये कुणी ना कुणी रोज एक नवं सुपरफूड सांगायला बसलेलं. आधी चिया आला. रात्री पेल्यात भिजवला, सकाळी पेला ओसंडून ओट्यावर आला. आई म्हणाली, "सब्ज्याचंच भावंड दिसतंय. पण सब्जा निदान फालुद्यात गोड तरी लागतो." मग किनोआ आला, त्याचा आईनं मोहरी-कढीपत्ता घालून उपमा केला आणि पप्पांनी एकट्यानं संपवला, कारण आणला त्यांनीच होता. बीटाची पावडर आली. ती प्यायल्यावर माझी जीभ अशी लालभडक व्हायची की पप्पांना वाटायचं, चला, रक्त वर चढायला लागलं.

ॲव्होकॅडोची कथा वेगळी. तो आला तेव्हा दगडासारखा टणक होता. आईनं त्याला आंब्यासारखा ज्वारीच्या कोठीत दाबून ठेवला आणि विसरली. सापडला तेव्हा तो काळाठिक्कर पडला होता. तिनं चिरला, हुंगला, बोटानं चाखला आणि लसूण-मिरचीच्या ठेच्यात कालवला. भाकरीबरोबर झकास लागला, हे मान्य करायला हवं. आईनं मान्य केलं नाही. "ठेच्यासंगं काहीबी चांगलं लागतं. ह्याचं काय कवतिक?"

गव्हांकुर तर पप्पांनी घरीच पेरले. गॅलरीत फुटक्या ट्रेमध्ये माती भरली आणि भाजी धुतलेलं पाणी त्याला घालायचा हुकूम सोडला. आख्ख्या कॉलनीत हिरवं पान नव्हतं, आणि आमच्या गॅलरीत पोपटी गालिचा. जिन्याखाली बांधलेल्या शेजाऱ्यांच्या शेळीला तो रोज वास देत असणार. एका दुपारी ती दावं तोडून वर आली आणि एकूणएक ट्रे साफ करून गेली. पुढे दोन-तीन दिवस आई शेळी दिसली की मला म्हणायची, "तिचा फॉर्म भर. ती निघंल भरतीत."

मला ते दिवस फार आवडायचे. नळ कोरडा, टँकर कधी येईल याचा भरवसा नाही, आणि आम्ही तिघं ओट्याभोवती उभे राहून कुठल्या कुठल्या देशाच्या बियांचं काय करायचं यावर भांडतोय. पप्पांना स्वतःसाठी नवा शर्ट घ्यायला सांगितलं तर वर्षभर टाळतील असा माणूस. माझ्यासाठी रोज पिशवी आणायचा. लाड म्हणतात तो हाच, असं मला तेव्हाही कळत होतं.

टँकरचं पाणी मात्र प्यायच्या लायकीचं नव्हतं. मचूळ, जिभेवर रेंगाळणारं. जारचं पाणी विकत मिळे, पण ते पुरवून वापरावं लागे. आईनं यावर आपला तोडगा काढला होता, चहा. पाणी उकळलं, त्यात आलं ठेचून घातलं, पत्ती घातली की चव मारली जाते. आई देवगाव रंगारीची. तिच्या लहानपणीच्या दुष्काळात भाजी नसली की कोऱ्या चहात भाकरी चुरून तेच रात्रीचं जेवण असे. चहानं तिला तारलं होतं, त्यामुळे चहावर तिची श्रद्धा होती. काहीही खाल्लं की ती कप पुढे करायची, "वरून घोटभर घे, म्हणजे पचंल."

पुन्हा रक्त तपासलं ते भरतीची जाहिरात निघाल्यावर. मैदानी चाचणी, आमच्या भाषेत ग्राउंड, अडीच-तीन महिन्यांवर आली असेल. रिपोर्ट हातात आला. रक्त होतं तिथंच होतं, उलट किंचित खाली घसरलेलं. पप्पा तो कागद उजेडात धरून परत परत बघत राहिले. मी मोरीत जाऊन तोंडावर ओढणी दाबून रडले, कारण मला आता पॅकिंगची शेड समोर दिसायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी रजा टाकली. घरातले सगळे डबे, पुड्या, बाटल्या एका पिशवीत भरल्या आणि आम्हा दोघींना घेऊन कॉलनीबाहेरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. टेबलावर त्यांनी एकेक पुडी मांडली, साहेबासमोर नमुने मांडावेत तशी. आईनं मांडीवर थर्मास धरला होता, कारण दवाखान्यात किती वेळ लागेल सांगता येत नाही.

बाईंनी सगळं शांतपणे वाचलं. म्हणाल्या, "यातलं वाईट काहीच नाही. परवडत असेल आणि आवडत असेल तर खुशाल खा. पण ही एरवी जेवते काय?"

आई सांगायला लागली. बाजरीची भाकरी, मेथी, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, तिळाची चटणी, शेंगदाणे, गूळ.

"मग या पुड्यांनी काय जास्तीचं दिलं असतं? चांगलं ताट आहे की तुमचं." बाई माझ्याकडे बघत विचारात पडल्या. "एवढं खाऊन रक्त वाढत नाही म्हणजे काय? सकाळपासून सांगा. काय काय पोटात जातं, ओळीनं सांगा."

"उठली की चहा," आई म्हणाली. "पळून आली की भाकर आन चहा. मग ह्यांची ती लाल पावडर, तिच्यावर घोटभर चहा, तोंडाची चव जावी म्हणून. दुपारचं जेवण. जेवणावर अर्धा कप, जड पडू नाय म्हणून."

"आणि गोळी?"

"चहासंगंच की. पाणी लई मचूळ हाय मॅडम, पाण्यासंगं गोळी उलटून पडती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. हसू दाबायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला, पण जमला नाही. मग समजावून सांगितलं. धान्यातलं, भाजीतलं, गोळीतलं लोह चहा आतल्या आत धरून ठेवतो, रक्तात फारसं जाऊ देत नाही. जेवणाच्या आणि गोळीच्या आगेमागे तास-दोन तास चहा नको. जेवताना लिंबू पिळा, गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. बाकी तुमचं तुम्ही जेवता तेच जेवा.

पप्पांच्या चेहऱ्यावर कारखान्यातला दोष सापडल्याचा आनंद उमटला. "म्हणजे मॅडम, माल बरोबर होता. गळती लाइनवर होती."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

आम्ही तिघं एका मोटारसायकलवर घरी आलो. मी हलकी झाले होते, पप्पा तर शीळ घालत होते. मध्ये बसलेल्या आईनं थर्मास पोटाशी घट्ट धरला होता. घरी आल्यावर तिनं थर्मास मोरीत उपडा केला. "म्या माझ्या हातानं पाजला गं," म्हणाली. मी तिला मिठी मारली. तिच्या चहानं वाढलेली मी, माझी काही तक्रार नव्हती, आणि हे मी तिला परोपरीनं सांगितलं. तिला ते पटलं की नाही माहीत नाही. सकाळी उठले तर ओट्यावर चहाचं भांडं नव्हतं.

"तू घे की," मी म्हणाले. "मला फक्त जेवणाच्या वेळी नको."

"तुझं ग्राउंड होईस्तवर नाय."

आमच्या घरातला तो सगळ्यात मोठा दुष्काळ. पहिला आठवडा आईचं डोकं असं दुखलं की तिनं कपाळाला फडकं आवळून बांधलं होतं. ती भांड्यांवर चिडायची, टँकरवाल्यावर चिडायची, पप्पांवर तर चिडायचीच. पप्पा साळसूदपणे "आपण पण सोडला" म्हणत आणि बस थांब्याजवळच्या टपरीवर पिऊन येत. मिशीला आल्याचा वास यायचा. आई ओळखायची आणि मुद्दाम विचारायची, "आज बस लवकर आली व्हय?"

लिंबं मामानं पाठवली. देवगावला त्याच्या मोरीच्या सांडपाण्यावर एक लिंबोणी तगून होती. कुणी ना कुणी येणारा-जाणारा पिशवी घेऊन येई. आई हुलग्याच्या माडग्यावर लिंबू पिळायची, मेथीवर पिळायची, एकदा चुकून शिऱ्यावरही पिळलं. पप्पांच्या पुड्या फळीवर जाऊन बसल्या. त्या वाया गेल्या असं कुणी म्हणू नये म्हणून पप्पा रोज थोडा थोडा चिया ताकात घालून स्वतःच प्यायचे, आणि अजूनही पितात. त्यांना तो आवडायला लागला होता.

प्लॉटिंगवर दुसऱ्या फेरीत कमानीपर्यंत यायचं आणि मागे वळून बघायचं, असं मला एका सकाळी पहिल्यांदा जमलं. मैत्रिणी मागे होत्या. मला धाप होती, पण ती माझ्या ताब्यात होती. पुढच्या तपासणीत रक्त वर सरकलेलं दिसलं. पप्पांनी तो रिपोर्ट देव्हाऱ्यात ठेवला, आणि आईनं तो उचलून कपाटात ठेवला, कुंकवाचे डाग पडतील म्हणून.

मैदानी चाचणी भल्या पहाटे होती. आत फक्त उमेदवार. आईबाप भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला, शेकडो इतर आईबापांबरोबर. छातीवर नंबर लावून मी रेषेवर उभी राहिले. शिट्टी झाली. त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही, एवढंच आठवतं की शेवटच्या वळणावर माझ्यात अजून शिल्लक होतं आणि मी ते सगळं खर्च केलं.

पुढे गोळाफेक झाली, लेखी झाली, निवड यादी लागली आणि तीत माझा नंबर होता. ते सगळं नंतरचं. माझ्या लेखी भरती झाली ती त्या सकाळी, फाटकाबाहेर.

मी बाहेर आले तर पप्पा घाईघाईनं पुढे आले, "टायमिंग काय लागलं?" आईनं त्यांना हातानं बाजूला सारलं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, पापण्या खाली ओढून डोळे बघितले, डॉक्टर बघतात तसे.

"अंधारी आली?"

"नाय आई. शेवटपर्यंत सगळं दिसत होतं."

ती तिथंच फुटपाथवर मटकन बसली. पदरानं तोंड पुसलं, डोळे पुसले, इकडंतिकडं बघितलं. मग मला म्हणाली, "चल, आता मला चहा पाज."